क्लाइव्ह पेंडरच्या दोन तक्रारी

क्लाइव्ह पेंडरने माझ्याविरुद्ध पोलिसांत दोन तक्रारी केल्या. पहिली, माझ्या रायफलचा आवाज येत नाही. दुसरी, माझ्या रायफलचा आवाज येतो. दोन्हींखाली सही त्याचीच. मधे फक्त एक वर्ष गेलेलं.

माणूस मेलबर्नचा, विमा कंपनीतून निवृत्त झालेला. नदीच्या पलीकडे जर्दाळूची बाग घेतली, काचाच काचा असलेलं घर बांधलं आणि एकटाच राहायला आला. अलीकडे माझी मेंढ्यांची जमीन. खडक, रानटी थाइमची झुडपं आणि ससे. दहा ससे मिळून एका मेंढीचं गवत फस्त करतात. म्हणून मी सकाळी उठून ससे मारते, रायफलच्या तोंडाला नळकांडं बसवून. दुकानदार त्याला सप्रेसर म्हणतो, सिनेमावाले सायलेन्सर. क्लाइव्हने सिनेमेच पाहिलेले. त्याच्या ऑस्ट्रेलियात असलं काही जवळ सापडलं तर बहुतेकांना कोर्टाची पायरी चढावी लागते. आमच्याकडे न्यूझीलंडमध्ये ते लोकरी मोज्यांच्या शेजारच्या फळीवर असतं.

पहिल्या तक्रारीनंतर तो मला दुकानात भेटला.

"गिलेस्पीबाई, हे मारेकऱ्यांचं हत्यार आहे. लपवायचं काही नसेल तर आवाज दाबायचा कशाला?"

"अहो क्लाइव्हराव, सायलेन्सर तुमच्या गाडीलाही आहे. तुम्ही कोणाला मारून पळताय?"

दुकान हसलं, तो हसला नाही. मग मी त्याला नीट सांगितलं. लहानपणी वडिलांशेजारी पालथी पडून मी त्यांना त्यांची जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल झाडताना बघायचे. माझा डावा कान तिने नेला. उजवा शिल्लक आहे, आणि कुत्रीचे दोन. नळकांडं या तीन कानांसाठी. बंदूक त्याने मुकी होत नाही, जाड पुस्तक मिटल्यासारखी थप् करते, इतकंच. त्याने ऐकून घेतलं आणि घरी जाऊन त्याच तक्रारीला पुरवणी जोडणारं पत्र लिहिलं.

या हिवाळ्यात दुसरी तक्रार आली. रोज सकाळी नदीवर तोफ डागल्यासारखा बार होतो म्हणे.

ती घेऊन राविरी आला. आमच्या गावचा एकुलता पोलीस, माझ्या मुलीच्या वर्गातला. स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच त्याने चीझ रोल संपवला. पोलिसाने आधी खाल्लं की समजावं, बातमी वाईट आहे.

"मावशी, गेल्या वर्षी तुम्ही लिहून दिलंय की ससे मारताना नळकांडं लावल्याशिवाय झाडत नाही. पेंडर खरं बोलत असेल, तर तुम्ही खोटं लिहून दिलंत. मग तुमचं लायसन्स मला राखता येणार नाही."

"आणि लायसन्स गेलं की वसंतापर्यंत ही जमीन सशांची."

"मी काय करू?"

"त्याच्या व्हरांड्यात जाऊन बस. मी इथून झाडते. चहा मात्र मागून घे, आपणहून द्यायचा नाही तो."

उतारावर दव गोठून पांढरं झालं होतं. ज्यूड, माझी कुत्री, पायाशी बसली. मी नळकांडं घट्ट फिरवलं, ससा टिपला. थप्. ज्यूडने जांभई दिली. मी फोन लावला.

"काही नाही ऐकलं," राविरी म्हणाला. "पण म्हातारा पांढराफटक पडलाय. आणि मावशी, कपातला चहा हलतोय."

"त्याचा हात हलत असेल."

"कप टेबलावर आहे."

जिंकले होते खरं तर. पण दुसऱ्याच्या कानांवर जिंकणं मला पटेना. मी राविरीला इकडे बोलावलं, रायफल त्याच्या हाती दिली आणि पुलावरून पलीकडे गेले. त्या व्हरांड्यात मी पहिल्यांदाच बसत होते. क्लाइव्हने माझ्यासाठी खुर्ची पुसली. हे अनपेक्षित होतं.

"माझी मुलगी मला मेलबर्नला न्यायची वाट बघतेय," तो हळूच म्हणाला. "वृद्धाश्रमात. राविरीने लिहिलं की मला नसलेले आवाज येतात, तर तिला तेवढंच पुरे."

समोरच्या उतारावर राविरी पालथा झालेला दिसला.

बार झाला.

डाव्या कानात. पन्नास वर्षं ज्या कानात घड्याळाची टिकटिकसुद्धा गेली नाही, त्या कानात. उजव्यात काहीच नाही. तिथे फक्त नदी वाहत होती. बंदुकीच्या जळक्या दारूचा वास आला. वडिलांच्या थ्री-नॉट-थ्रीचा तो आवाज मी कुठेही ओळखला असता.

"ऐकलात ना?" क्लाइव्हने विचारलं.

"ऐकला."

परत आले तेव्हा राविरी हसत होता. "झालं, मावशी. मी दोन्ही काठांवर होतो, बार कुठेच नाही. म्हाताऱ्याच्या डोक्यात आहे, असं लिहितो."

"मलाही ऐकू आला, असं लिही."

त्याचं हसू गेलं. "वेड्यासारखं करू नका. नसलेले आवाज ऐकणाऱ्याच्या हातात रायफल ठेवता येत नाही. तुम्हाला फक्त नाही म्हणायचंय."

"म्हणजे आधी खोटं बोलल्याबद्दल लायसन्स घेणार होतास, आता खरं बोलल्याबद्दल घेणार. तो माणूस मला अजिबात आवडत नाही, राविरी. पण तो खोटं बोलत नाही, आणि मीही बोलणार नाही. थांब, तुलाच ऐकवते."

पोलादी कपाटातून मी वडिलांची थ्री-नॉट-थ्री काढली. तिच्या तोंडाला आटेच नाहीत, नळकांडं बसायचा प्रश्नच नाही. तीन गोळ्या भरल्या. टेकडीच्या कुशीत, खडकावर एक गंजलेलं पिंप आहे. त्यावर नेम धरला. राविरीने कानात बोटं घातली. ज्यूडला घरात बांधायचं राहूनच गेलं होतं.

खांद्याला धक्का बसला. पिंप उलटलं.

राविरी बोटं घालून वाट बघत राहिला. "झाडा की आता."

"झाडली."

त्याने पिंपाकडे पाहिलं. बोटं काढली. थाइममध्ये एक पक्षी किलबिलत होता, तो थांबलाही नव्हता. ज्यूड पंजा चाटत होती. तिची जीभ मला स्वच्छ ऐकू येत होती.

मी बोल्ट ओढला, रिकामी पुंगळी उडाली, दुसरी झाडली. खडकाचा टवका उडाला.

काही नाही.

"मावशी, पुरे."

"पुरे कसं? तुला ऐकू येईपर्यंत झाडणार." मी बोल्ट ओढला. तिसरी गोळी, पितळी, टोकदार, पुढे सरकून आत गेली. "त्याला फोन लाव. विचार किती ऐकले."

राविरीने फोन लावून स्पीकर चालू केला. पलीकडे क्लाइव्ह व्हरांड्यात उभा होता, लहानसा, एक हात कानावर.

"मिस्टर पेंडर, किती बार ऐकलेत?"

"तीन."

राविरीने माझ्याकडे पाहिलं. माझं बोट ट्रिगरपासून लांब, लाकडावर सरळ होतं. त्याने ते दोनदा पाहिलं.

"नीट आठवा. दोन ना?"

"तीन," क्लाइव्ह म्हणाला. त्याचा आवाज अगदी शांत होता. "दोन नदीवर झाले. तिसरा इथे, घरात."

"रायफल खाली ठेवा, मावशी."

मी ठेवली नाही. बोल्ट ओढला. पुंगळी बाहेर आली आणि दवात पडली. न झाडताच रिकामी होती. तिच्याभोवतीचं दव विरघळत गेलं.

मी ती उचलून राविरीच्या तळहातावर ठेवली.

"लिही," म्हणाले.

त्याने ती झटकन दुसऱ्या हातात टाकली, मग पुन्हा पहिल्या.