टोपी न काढलेला रोल

त्या दुपारी गुणाला काम एवढंच होतं, अज्जाचा एक फोटो काढायचा. मेल्यावर भिंतीला लावण्याजोगा. कॉलेज सोडलं म्हणून नातवाला उठता-बसता शिव्या घालणारा कान्हू अज्जा धुतलेला सदरा घालून तयार बसला होता. म्हाताऱ्यांचं असंच. पोरगं कुचकामी, पण फोटो त्याच्याकडूनच हवा.

कॅमेरा जुना, रेंजफाइंडर. गणेशगुडीला राफ्टिंगला आलेल्या एका पाहुण्याने देऊन टाकलेला. ब्लॅक अँड व्हाइट रोल घालायचा, सगळं हाताने करायचं.

अंगणात उजेड फार, पडवीत काहीच नाही. बेताचा उजेड एकाच जागी होता. फणसाखाली, झाकलेल्या विहिरीवरच्या फरशीवर.

"तिथं नको रे," अज्जा म्हणाला.

"का? आटलीय म्हणतोस न्हवं?"

"आटलीयच की."

"मग बस."

गुणाचा बाप, गणपती, खांबाला टेकून बघत होता. गुणा चार वर्षांचा असताना त्याची आई फुला कुणा मुकादमाबरोबर गोव्याला पळाली, हे एकच वाक्य त्याने वीस वर्षं सांभाळलं होतं. त्याच साली विहीर झाकली. घरात आईचा एकही फोटो नव्हता. शाळेत पोरं गुणाला 'मुकादमाचा' म्हणायची. बापाच्या त्या वाक्याचा गुणाला आता रागही येत नसे, नुसता शीण यायचा.

अज्जा अंग चोरून बसला. गुणाने काचेतून पाहिलं, तिच्यात दिसणाऱ्या चेहऱ्याच्या दोन प्रतिमा लेन्सची कडी फिरवत फिरवत एकावर एक बसवल्या आणि बटण दाबलं. पुन्हा दाबलं. शेवटच्या फोटोला बापालाही ओढून शेजारी बसवलं. रोल संपला.

कॅमेरा खाली घेतला आणि त्याने कपाळावर हात मारला. लेन्सची टोपी काढलीच नव्हती. या कॅमेऱ्यात बघायची काच वेगळी, लेन्स वेगळी. टोपी असली तरी सगळं लख्ख दिसत राहतं.

"येवढं पन जमंना तुला?" अज्जा खेकसला.

गुणाने टोपी उपसून फरशीवर आपटली.

फिल्म धुवायचं औषध सकाळीच कालवलेलं, वाया जाईल म्हणून रोल तरीही धुतला. न्हाणीत रसायनाचा आंबट वास, आणि त्याच्याखाली आणखी एक... शेवाळाचा. फिल्म अपेक्षेप्रमाणे कोरी निघाली, काचेसारखी. फक्त शेवटची चौकट सोडून.

त्याने ती झरोक्याशी धरली. मधोमध काळं वर्तुळ. त्याच्या काठावरून दोन माणसं खाली वाकलेली. अज्जा. बाप. अज्जाच्या मिशा पांढऱ्याशुभ्र, म्हणजे आजचाच...

मग त्याच्या ध्यानात आलं. ती निगेटिव्ह होती. तिच्यात पांढरं दिसतं ते काळं असतं. अज्जाच्या मिशा काळ्या होत्या. बापाच्या टकलावर दाट केस होते.

आणि फोटो खालून काढलेला होता. तळातून.

तो बाहेर आला.

"आला का एखादा?" अज्जाने विचारलं.

"आलाय. मिशा काळ्या आल्यात तुझ्या."

अज्जा हसायला गेला, आणि तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"पहार कुठाय?" गुणा म्हणाला.

"कशाला..." बाप बोलला. "कोरडी हाय ती. काय न्हाई तिथं... काय न्हाई."

गुणा फरशीपाशी गेला. टोपी तिथंच उलटी पडली होती, उन्हात. काठोकाठ पाण्याने भरलेली. त्याने ते पाणी ओतलं आणि रिकामी टोपी बापापुढे धरली.

बाप टोपीत बघत राहिला. ती पुन्हा भरलेली होती.