तीन बोटांचं तेल

ओढून बघताना पहिला पॅड सुटला तेव्हा खंडेराव मिस्त्री हसला. दुसरा सुटला तेव्हा त्याने हसू मिशीत लपवलं. बाकीचे सगळे नुसत्या हिसक्याने सुटले.

सातपूरच्या त्या कारखान्यात इंजिनाखाली बसवायचे पॅड तयार होत. खाली लोखंडी पत्रा, वर रबर, आणि मध्ये ज्याच्या भरवशावर सगळा खेळ, तो गोंद.

"पाण्यातला गोंद," खंडेराव मालकांना म्हणाला, "आन् लावनारी ही. दुसरं काय व्हनार साहेब?"

ही म्हणजे सरुबाई. मालक गद्रेसाहेबांनी शहाऐंशीच्या त्या पावसाळ्यात डोकं गरगरवणारा जुना वासाचा गोंद बंद करून हा पांढरा, पाण्यात बनवलेला गोंद आणला. पत्र्यावर तेलाचा अंशही नको, एवढं सर्वांना बजावलं आणि गोंदाचं टेबल सरुबाईच्या हवाली केलं. जुना गोंद कालवायचं गुपित एकट्या खंडेरावाला ठाऊक होतं. नव्यात कालवायचं काही नव्हतंच. गुपितच गेलं तर मिशीला पीळ कशाच्या जोरावर द्यायचा?

जेवणाच्या सुट्टीनंतर सरुबाईला कायमचं घरी पाठवायचं, असं साहेबांनी ठरवलं होतं. नेमकी तेव्हाच तिची सुजाता सकाळची शाळा उरकून डबा घेऊन आली. नववीतली पोर. वक्तृत्वाची ढाल जिंकल्यापासून गप्प बसणं तिला कमीपणाचं वाटे. सुट्टी संपेपर्यंत मला चार प्रश्न विचारू द्या, म्हणाली. पोरीची गंमत म्हणून साहेब हो म्हणाले.

तिने आईपासूनच सुरुवात केली.

"पत्रे कधी धुतलेस?"

"अष्टमीच्या संध्याकाळी. सोड्याच्या गरम पाण्यात. धुऊन रॅकवर लावले."

"आणि गोंद?"

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. ब्रश फिरवला तर पसरेना, जागोजागी गोळा होई. मिस्त्रींना दाखवलं. ते म्हणाले, पाण्याचा गोंद असाच असतो."

मधले दोन दिवस सरुबाई कारखान्यात फिरकलीच नव्हती. नवमीला कामगारांची हत्यारांची पूजा, त्या पूजेशी सरुबाईचा संबंध नाही. दसऱ्याला ती पांढरी साडी नेसून विहारात, धम्मचक्र दिनाला. वॉचमन नाथाने मान डोलावली. खंडेनवमीला प्रसाद घेऊन सगळे गेले, कारखान्यातल्या नवरात्राच्या अखंड दिव्यापाशी मिस्त्री तेवढे मागे थांबले, हेही त्याने भाबडेपणाने सांगून टाकलं.

सुजाता खंडेरावाकडे वळली. तो खुर्चीत रेलून बसला होता. उजव्या हाताचं मधलं बोट कधीकाळी प्रेसमध्ये गेलेलं. उरलेला खुंट तो पदकासारखा मिरवी.

"दिव्यात तेल कोण घालतं, मिस्त्री?"

"मीच. नवमीला काठोकाठ भरलं. दसरा उलटेपर्यंत पुरंल इतकं."

"मग दसऱ्याला?"

"सकाळी बघतो तर इझलेला." त्याने सरुबाईकडे पाहिलं. "देवाला न माननारी मानसं कारखान्यात घेतली की असंच व्हतं."

सरुबाईच्या हातचं पाणीही त्याला चालत नसे. त्याचा तांब्या वेगळा.

सुजाताने राग गिळला. "नवमीला आईच्या ब्रशला कुणी हात लावला होता का?"

"खुळी का काय तू? त्यो बी पूजेत व्हता. पूजेला लावलेलं हत्यार दसरा झाल्याबिगर कोन उचलतं?"

तेल, ग्रीस आणि चिंध्यांचं कपाट? तिने विचारलं. ते सुट्टीत कुलूपबंद, किल्ली माझ्याकडे, गद्रेसाहेब म्हणाले.

रबर कमी पडल्याने त्याच रॅकवर काही पत्रे गोंद न लावता उरले होते. सुजाताने त्यांतला एक टेबलावर ठेवला, सरळ खंडेरावाचा तांब्या उचलला आणि पाणी ओतलं. खंडेराव ताडकन उठला. पण तोवर साहेब पुढे वाकले होते.

पाणी पत्र्यावर सपाट पसरलं. फक्त तीन पट्ट्यांत ते अळूच्या पानावरच्यासारखं थेंब थेंब होऊन राहिलं. एक पट्टी, मग मोकळी जागा, मग शेजारी शेजारी दोन. दुसऱ्या पत्र्यावरही तेच. साहेबांनी बोट फिरवून हुंगलं. तिळाचं तेल, दिव्यात घालतात तेच.

"घासलेल्या तव्यावर पाणी पसरतं, तेलकट तव्यावर गोळा होतं," सुजाता म्हणाली. "पाण्यातला गोंद वेगळं काय करणार? जुना गोंद थोडं तेल पोटात घालायचा, हा घालत नाही. तुम्ही बजावलंत, साहेब, मिस्त्रींनी तेवढंच ध्यानात ठेवलं. कपाटाला कुलूप, म्हणून तेल दिव्यातलं. दिवा उगाच नाही विझला. ब्रश पूजेत, म्हणून नुसती बोटं फिरवली. एका बाईची भाकर हिसकावताना देवाचा दिवा विझला तरी चालतो, पूजेतला ब्रश मात्र उचलायचा नाही. केवढा भाविक माणूस."

नाथा खोकला. हसू दाबायची ती त्याची रीत.

"आता मधलं बोट का उमटलं नाही, ते मिस्त्रीच सांगतील. काका, ठेवा ना हात पत्र्यावर. पट्ट्या जुळतात का बघू."

खंडेरावाने हात खिशात घातला. ज्याला कारखान्यात सगळे वाघ म्हणत, तो ओल्या मांजरासारखा दिसत होता.

सरुबाईने पत्रे पुन्हा धुतले. दुसऱ्या दिवशी साहेबांनी नव्या पॅडसकट पक्कड खंडेरावाच्याच हाती दिली: ओढा. त्याने दात खाऊन ओढलं. रबर फाटलं, पण पत्र्याला ते घट्ट धरूनच राहिलं.

खंडेरावाला ठेवायचं की घालवायचं, साहेबांनी सरुबाईलाच विचारलं.

"ते तुम्ही ठरवा, साहेब." तिने ब्रश उचलला. "पण मिस्त्री, माझ्या टेबलाला हात लावायचा असेल, तर आधी साबणाने धुऊन या."