उदबत्ती आणि बादली

काडी ओढल्याचा आवाज आला आणि शिवकन्येचं डोकं चालायचंच थांबलं. हात मात्र चालले. शेजारची फरशी पुसायची बादली तिनं उचलली आणि समोरच्या पाठमोऱ्या माणसावर रिकामी केली!

तो वळला. केसांतून गढूळ पाणी, हातात विझलेली उदबत्ती… भिंतीवरच्या तसबिरीतली तुळजाभवानीसुद्धा ठिबकत होती.

शिवकन्येची आई तेरखेड्याला फटाक्यांच्या कारखान्यात कामाला. शेडमध्ये लहानपणापासून एकच शिकवण – चपला बाहेर काढायच्या, आणि काडी पेटलेली दिसली की आधी पाणी, मग विचार. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करता करता वॉर्डातलं कामही शिकावं, म्हणून ती धाराशिवच्या या दवाखान्यात मदतनिसाची नोकरी मागायला आली होती. आणि पाऊल टाकताच ही शोभा! सगळे पोट धरून हसत होते. ती पळालीच… अनवाणी.

"चपला तुमच्याच ना?"

बसस्टँडवर तोच उभा होता. शर्ट अजून ओला.

"लई चुकलं माझं…" तिची मान वर होईना.

"मी रुद्रेश. एक्स-रे काढतो. सकाळी आंघोळ झालती माझी, पर असू द्या." तिला हसू आलं, आणि हसू आल्याचीही लाज वाटली. "आमच्या डॉक्टर मॅडमनी समदं बघितलं. सोमवारपासून कामावर या म्हणून सांगितलंय."

"न्हाय. मी तुळजापूरच्या दवाखान्यात विचारते. तिथं नुसती झाडलोट हाय, शिकवत न्हायत… पण मला तिथं कुणी वळखत न्हाय."

"मी पण न्हाय की तिथं," तो पटकन बोलून गेला. त्याचे कान लाल झाले. तेरखेड्याची बस लागली, ती आत जाऊन बसली तसा तो खिडकीशी आला. "आग दिसली की लोक मागं सरत्यात. तुमी पुढं आलात. रोज भिजवा मला, पर तुळजापूरला तेवढं जाऊ नका."

रविवारभर पुस्तकाच्या पानापानावर तो ओला शर्ट दिसत राहिला. तो आवडला होता, म्हणूनच तर जास्त मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. पण लाजेपायी शिकायचं सोडायचं?

सोमवारी ती आली. तुळजाभवानीसमोर रुद्रेश काडीपेटी घेऊन उभा, आणि पायाशी स्वच्छ पाण्यानं भरलेली बादली! वॉर्डातल्या सिताबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. शिवकन्येचा चेहरा तापला.

"तुमची परवानगी असंल तर लावतो…"

"द्या इकडं."

तिनं जन्मात काडी ओढली नव्हती. पहिली काडी मोडली, दुसरी वाऱ्यानं विझली. रुद्रेशनं पंख्याच्या वाऱ्याला ओंजळीचा आडोसा केला आणि एक्स-रेच्या सवयीनं पुटपुटला, "श्वास रोखा… हलू नका."

उदबत्तीचं टोक लाल झालं.

"सोडा आता श्वास."

"तुमी बी सोडा की," ती खाली बघत म्हणाली.