हौदातून तीनदा परत आलेला मोजा

ही गोष्ट माझ्या मावशीच्या बाबतीत घडली. पटली नाही तर सोडून द्या, पण तिला खोटारडी म्हणू नका. कुणी भुताखेतांचा विषय काढला की ती उठून सरळ चहा टाकायला जाते, अशातली ती बाई आहे.

दिवस मला पक्का माहीत आहे. शोधाचा तिसरा दिवस, दुपारचे चार. रात्र नव्हती, काळोख नव्हता. धुकं होतं आणि सगळे दमलेले होते, एवढंच.

मावशी शिवणकाम करते. गणवेश, पडदे, पँटी आखूड करून देणं. पण गावाला ती माहीत आहे चिंधीमुळे. चिंधी म्हणजे तिची कुत्री. हरवलेली माणसं शोधणं हे दोघींचं काम. पगार नाही, भत्ता नाही. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या. फोन आला की मशीनवरचं कापड तसंच टाकून निघायचं.

काका म्हणायचे, "माझा सदरा सहा महिने बटणाची वाट बघतोय. तो हरवला असता तर एव्हाना सापडला असता."

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. चिंधी फक्त जिवंत माणूस शोधायची. तिला शिकवलंच तसं होतं. हवेतला वास घेत जायची आणि माणूस सापडला की भुंकायची. मेलेल्या माणसापाशी तिने कधी तोंड उघडलं नव्हतं. दोनदा तशी वेळ आली होती. दोन्ही वेळा ती गप्प बसून राहिली, मग पाठ फिरवून परत आली.

त्या वेळी एक म्हातारे गृहस्थ हरवले होते. ऐंशीच्या घरातले. काही लक्षात राहायचं नाही, वर्षभर बोलणंही बंद झालेलं. मुलगी औषधं आणायला गेली तेवढ्यात अनवाणीच घराबाहेर पडले.

टीमचा मुक्काम एका शाळेच्या सभागृहात होता. ती मुलगी तिथे वडिलांच्या चपला पिशवीत घेऊन बसून असायची. मावशी परत आली की ती फक्त वर बघायची. मावशी मान हलवायची. मग ती पुन्हा पिशवीकडे बघायची.

मावशी म्हणते, चालून पाय दुखले त्याचं काही नाही. त्या बघण्यानेच जास्त थकायला झालं.

तीन दिवस नदीकाठ झाला, रान झालं, विहिरी झाल्या. माणूस नाही.

तिसऱ्या दुपारी चिंधीने चालणंच सोडलं. मावशीने "शोध" म्हटलं तर ती दोन पावलं गेली आणि खाली बसली. कुत्र्यांचं असं होतं. तीन-तीन दिवस शोधायचं आणि हाती काही नाही, की त्यांचं मन मोडतं. मग ती कामाला नाही म्हणतात, कधीकधी कायमची.

त्यावर या लोकांचा एक उपाय असतो. ते त्याला खोटा शोध म्हणतात. टीममधल्याच एकाने कुठेतरी जाऊन लपायचं. कुत्र्याला तिकडे न्यायचं. त्याला माणूस सापडतो, ते भुंकतं, लपलेला माणूस त्याच्याशी खेळतो. कुत्र्याला वाटतं, जमलं आपल्याला. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उभं राहतं.

यात लपणाऱ्याला एकच नियम. बोलायचं नाही. कुत्र्याने आवाजावरून नाही, नाकाने शोधायचं.

टीमच्या प्रमुख होत्या भूगोलाच्या बाई. निवृत्त झाल्या तरी हातातला नकाशा सुटला नव्हता. त्या म्हणाल्या, "अगं, तिला आज एक माणूस सापडू दे. नाहीतर उद्या आपल्याकडे कुत्रीच नसेल."

"कोण लपतंय?" मावशीने विचारलं.

"सुतार जाईल."

सुतार म्हणजे टीममधलेच एक. धंद्याने सुतार, म्हणून नावही तेच पडलं. लपायला जागा ठरली शाळेमागची बंद कापडगिरणी. तिथे रंगखात्यात जमिनीत खोदलेला एक कोरडा हौद होता, दीड पुरुष खोल, वर अर्ध्या भागावर फळ्या टाकलेल्या. गिरणी शोधाच्या पट्ट्यात नव्हतीच. म्हातारबुवा नदीच्या दिशेने गेल्याचं एकाने पाहिलं होतं, त्यामुळे इकडे कुणी फिरकलं नव्हतं.

म्हणून तर ती जागा निवडली.

सुतार तीनला गेले. मावशी चिंधीला घेऊन चारला निघाली.

आवारात धुकं उतरलं होतं. मावशीचा गुडघा सुजून टम्म झालेला. पत्र्याचं दार ढकललं तेव्हा चिंधी तिच्या मागेच रेंगाळत होती.

आणि मग... चिंधीचे कान उभे राहिले.

नाक वर. शेपूट ताठ. ती रंगखात्याकडे धावत सुटली. तीन दिवसांत पहिल्यांदाच.

मावशीला हायसं वाटलं. ती लंगडत दारापर्यंत पोहोचली तोवर चिंधी हौदाच्या कडेला उभी राहून भुंकायला लागली होती. तिचं ते ठरलेलं भुंकणं. सलग, खणखणीत.

माणूस सापडला. जिवंत माणूस.

"शाबास गं माझी बाय," मावशी दारातूनच म्हणाली.

आता खालून खेळणं वर यायला हवं होतं. लपणाऱ्याच्या खिशात एक खेळणं असतंच. पण काही आलं नाही. चिंधी भुंकत राहिली. खाली... अगदी शांत.

सुतार पुन्हा खेळणं विसरले, मावशीच्या मनात आलं. हा माणूस करवत विसरून कामावर जाणारा.

तिच्याकडे तिचं स्वतःचं होतं. काकांचा जुना मोजा, आत चिंध्या भरून गोळा केलेला, लाल दोऱ्याने शिवलेला. तिने तो चिंधीकडे टाकला. चिंधीने तोंडात धरला आणि फळ्यांच्या फटीतून खाली सोडला. तिचा हा आवडता खेळ.

क्षणभर काही नाही.

मग... मोजा वर आला.

चिंधीने तो हवेतच पकडला. नाचली. पुन्हा खाली सोडला.

पुन्हा वर आला.

तिसऱ्यांदा जरा वेळ लागला. मोजा फळीच्या कडेला लागून आतच पडला. खाली काहीतरी घासत गेल्यासारखा आवाज झाला... आणि मग तो हळूच, जेमतेम काठापर्यंत आला. चिंधीने पंजाने ओढून घेतला.

तिने चौथ्यांदा सोडला. तो आलाच नाही.

मावशी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. हौद दहा पावलांवर. जमीन शेवाळाने निसरडी झालेली, गुडघा ठणकत होता. या लोकांचा एक नियम आहे, शाळेच्या फळ्यावर बाईंनी मोठ्या अक्षरांत लिहिलेला. माणसाचं तोंड पाहिल्याशिवाय शोध संपत नाही.

पण हा खरा शोध नव्हता. आणि तोंड कुणाचं, ते तिला माहीत होतं.

"दमलात वाटतं," ती हसून म्हणाली. "राहू दे. या मागून सावकाश."

आणि चिंधीला घेऊन ती निघाली. चिंधी दोनदा मागे वळली. मावशीने पट्टा ओढला.

सभागृहात येऊन ती खुर्चीत बसल्या-बसल्या झोपली. चिंधी पायाशी. साडेपाचला कुणीतरी हलवून उठवलं.

सुतार समोर उभे होते. थंडीने काकडलेले आणि चांगलेच तापलेले.

"काय ताई, विसरलात का मला? दोन तास बसलोय तिथे. हाडं गोठली."

मावशीला झोपेत नीट कळेना. "अहो, आले की मी. मोजा आणलात का माझा?"

"कुठला मोजा?" त्यांनी खिशातून आपलं खेळणं काढलं. कोरडं, न वापरलेलं. "हे बघा. नेलं होतं या खेपेला आठवणीने, तर तुमचाच पत्ता नाही."

"तुम्ही हौदात होतात ना?"

"हौदात कसला उतरतोय. शिडीचे दोन गज तुटलेले. वरूनच बघितलं आणि म्हटलं, कंबर मोडायची. पार त्या टोकाला बॉयलरची खोली आहे, तिथे बसलो. कळवणार होतो, पण फोन लागेना." ते थांबले. "चिंधी भुंकलेली ऐकलं की मी. वाटलं, आता याल. मग भुंकणं थांबलं."

मावशी उठली, गुडघा विसरली आणि धावली.

बाई, सुतार, आणखी दोघं बॅटऱ्या घेऊन तिच्यामागे. सहा वाजत आलेले. चिंधी पुढे होती. हौदाच्या काठापर्यंत गेली. खाली नाक केलं.

आणि... भुंकली नाही.

गप्प बसून राहिली. मग पाठ फिरवून मावशीजवळ आली.

फळ्या सरकवल्या. सुतारांनी दोर बांधून खाली बॅटरी धरली. म्हातारबुवा कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसले होते. अनवाणी. मांडीवर उजवा हात, मूठ मिटलेली. मुठीतून लाल दोरा लोंबत होता.

तरुणपणी ते याच गिरणीत रंगखात्यात कामाला होते, हे नंतर कळलं. मुलीच्या जन्माआधीची, तिने फक्त ऐकलेली गोष्ट. तिलाही आठवलं नव्हतं, पण त्यांच्या पायांना आठवलं.

डॉक्टर आले. तपासून म्हणाले, "दोन रात्री तरी झाल्यात. पडले त्याच रात्री गेले असणार."

मावशीने विचारलं, "आज दुपारी चारला जिवंत असतील का?"

"नाही हो."

"डॉक्टर, नीट बघा ना जरा."

"ताई, पंचवीस वर्षं हेच बघतोय मी."

"मग तो मोजा? तो मी आज टाकलाय."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे, चिखलाने भरलेल्या कपड्यांकडे. "तुम्ही घरी जाऊन झोपा," ते हलक्या आवाजात म्हणाले. ती मूठ उघडायला दोन माणसं लागली.

कागदावर मोजा आधीपासूनच हौदात पडलेला असावा, असं लिहिलं गेलं. खोट्या शोधाची कागदावर नोंद नसते. बाईंना आणि सुतारांना सगळं माहीत आहे. त्या दिवसानंतर दोघांनीही विषय काढलेला नाही. सुतारांनी टीम सोडली. आपण वरूनच बघितलं, हे त्यांच्याही मनातून जात नसणार.

महिन्याभराने ती मुलगी मावशीच्या घरी आली. मोजा धुऊन, वाळवून आणला होता. लाल दोरा पाहून तिला कुणीतरी सांगितलं होतं की हे मावशीचं शिवण.

मावशीने चहा दिला. मुलगी बराच वेळ चिंधीला कुरवाळत बसली.

मग म्हणाली, "बाबांचं बोलणं गेलं होतं ना, तर आम्ही रोज चेंडू खेळायचो. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, हाताला व्यायाम म्हणून. बाकी काही कळायचं नाही त्यांना. माझं नावसुद्धा नाही. पण आपण चेंडू टाकला की परत टाकायचे. तीनदा, चारदा. मग दमायचे. रोज चार वाजता."

मावशीने हातातली कपबशी खाली ठेवली.

"ताई, एक विचारू? तुमची चिंधी फक्त जिवंत माणसालाच भुंकते म्हणतात. त्या दिवशी ती भुंकली होती का?"

मावशी म्हणाली, "नाही."

मुलगी रडली. पण सुटल्यासारखी रडली. जाताना मावशीच्या पाया पडून गेली, आणि ते मावशीला अजून सहन होत नाही.

हे सगळं तिने मला मागच्या वर्षी सांगितलं. काका गेल्यावर तिला दुसरं कुणी सांगण्यासारखं राहिलं नाही. चिंधी आता म्हातारी झाली आहे, शोधाला जात नाही. मावशीही जात नाही. मोजा शिवणयंत्राच्या खणात आहे. मी तिच्याकडे चार दिवस राहिलो. चारही दिवस दुपारी चारच्या सुमारास चिंधी उठली, त्या खणासमोर जाऊन बसली... आणि वाट बघत राहिली. दोनदा तिने शेपूट हलवलं.

खोलीत मावशी आणि मी सोडून कुणी नव्हतं.

मी विचारलं, "मावशी, तुला काय वाटतं? काय होतं त्या हौदात?"

ती बराच वेळ सुईत दोरा ओवत होती. दोरा काही जाईना.

"डॉक्टरांचं खरं असेल तर भूत होतं," ती म्हणाली. "आणि खोटं असेल, तर एक जिवंत माणूस मला खालून सांगत होता की मी इथे आहे. त्याला जेवढं येत होतं तेवढ्यात सांगत होता. आणि मी त्याला म्हटलं, दमलात वाटतं, राहू दे."

मी म्हटलं, "भूतच होतं, मावशी."

या वेळी ती चहा टाकायला उठली नाही.

"परत एकदा म्हण," ती म्हणाली.