निकाल कुणी द्यायचा

"बायकोशी शेवटचं बोलणं कधी झालं?" विशाखानं खुर्ची ओढत विचारलं.

समोरचा तरुण गोंधळला. लातूरच्या कोर्टाबाहेर, चहाच्या टपरीतल्या पत्र्याखाली तो बसला होता. भाद्रपदातली भुरभुर चालू होती. मांडीवरची लॅपटॉपची बॅग भिजू नये म्हणून त्यानं आपला एक खांदा खुशाल पावसात ठेवला होता.

"झालंच नाही," तो म्हणाला.

"हे बघा, वकिलापासून लपवू नका. घटस्फोट मागणं सोपं असतं. आधी एकदा समजुतीनं—"

"मॅडम, लग्नच झालेलं नाही माझं."

विशाखानं हातातला चहा खाली ठेवला. जळकोटहून एक पक्षकार यायचा होता. टपरीत थांबतो म्हणाला होता, निळा शर्ट घातलाय म्हणाला होता. आणि हा शर्ट निळाच होता.

"तुम्ही... जळकोटचे नाही?"

"हिमायतनगरचा. राहतो नांदेडला. आनंदराज हनवते. बिराजदार वकिलांचं ऑफिस शोधून राहिलो." त्यानं बॅग सावरली. "पण उद्या लग्न झालं अन् काही बिनसलं, तर तुमच्याकडंच येईन. समजूत चांगली घालता."

"शोधून राहिलो..." तिनं हसू दाबलं.

"काय चुकलं?"

"काही नाही. नांदेडकडचे आहात, एवढं कळलं. चला. तेच ऑफिस आहे माझं."

अॅडव्होकेट संगमेश्वर बिराजदारांच्या ऑफिसात विशाखा सोनकांबळे ज्युनियर होती. औशाहून रोज बसनं यायची. ऑफिसातल्या सगळ्या तारखा म्हातारे कारकून चंद्रप्पा यांच्या डोक्यात असत. गेल्या महिन्यात ते तापानं घरी पडले आणि एका दाव्याची तारीख हुकली. दावा काढून टाकला गेला. तो पुन्हा उभा करताना सरांना कोर्टात मान खाली घालावी लागली. त्याच संध्याकाळी ते म्हणाले, "विशाखा, आता सॉफ्टवेअर घेऊ. दोन कंपन्या बघ, वापरून बघ. तू म्हणशील ते."

एक कंपनी पुण्याची, मोठी. दुसरी नांदेडची. आनंदराज आणि त्याचा एक मित्र, एवढीच.

पुण्याची माणसं व्हिडिओ कॉलवर भेटली. आनंदराज प्रत्यक्ष यायचा. पहिल्याच दिवशी त्यानं केस शोधायची जागा दाखवली. चंद्रप्पांनी चष्मा सावरला.

"औशाची विहीर काढ बरं."

"मामा, केस नंबर टाका. नाहीतर पक्षकाराचं नाव."

"नंबर कुणाला याद असतोय? हितं समदे गावानं वळखतेत. औशाची विहीर. उदगीरची भिंत. निलंग्याचं दत्तक पोरगं."

सर मोठ्यानं हसले. आनंदराज हसला नाही. तो खुर्ची ओढून चंद्रप्पांजवळ बसला आणि दुपारभर विहिरी, भिंती, बांध समजून घेत राहिला. पुढच्या खेपेला 'औसा, विहीर' एवढं लिहिताच दावा समोर आला. पुण्याच्या कंपनीनं ही सोय पुढच्या वर्षी देऊ, असं कळवलं.

विशाखा त्याची उलटतपासणी घेई. तिची ती सवयच होती.

"लाइट गेली तर?"

"मोबाइलवर चालतं."

"नेट गेलं तर?"

"तारखा तरीही दिसतात. नेट आलं की बाकीचं भरून घेतं."

"हे बाणाचं बटण कशाला?"

"चुकीचं काही लिहिलं तर मागं घ्यायला."

"सगळं मागं घेता येतं?"

"लिहिलेलं येतं." त्यानं पडद्यावरची नजर उचलली. "बोललेलं नाही... म्हणून मी जपून बोलून राहिलो."

बाहेर सरी वाढल्या होत्या. विशाखानं उगाच खिडकी लावली, मग उकडतंय म्हणून पुन्हा उघडली.

"एवढं जपून?" तिनं पाठ फिरवूनच विचारलं.

"समोर वकील आहे ना."

नंतर तिच्या लक्षात यायला लागलं. तो येणार त्या दिवशी ती एक बस आधीची पकडत होती. त्याचा निळा शर्ट दिसला नाही की जिन्याकडं बघत होती. एकदा त्यानं सरांसमोर तिच्या प्रश्नाचं कौतुक केलं आणि तिनं पुढं तोच प्रश्न पुन्हा विचारला. घरी आईनं विचारलं, "सॉफ्टवेअर झालं का गं ठरवून?" तिनं ताटात मान घातली.

मग मात्र तिला भीती वाटली. सरांनी विश्वासानं काम सोपवलं होतं. उद्या आनंदराजचं सॉफ्टवेअर निवडलं, तर ते निवडणारी कोण होती? ज्युनियर वकील, की ती बस पकडणारी मुलगी? तिनं मन घट्ट केलं आणि सरांना सांगितलं, "पुण्याचं घेऊ."

सरांनी तिच्याकडं निरखून पाहिलं. "ठीक. पण आपल्या ऑफिसाची रीत तुला ठाऊक आहे. नाही म्हणायचं तर माणसाला समोर बसवून, कारण सांगून म्हणायचं. बोलाव त्याला."

आनंदराज आला. नांदेडहून येईपर्यंत चिंब झाला होता, बॅग मात्र कोरडी होती. सर टेबलामागं, चंद्रप्पा दाराशी. विशाखानं घसा साफ केला.

"हनवते साहेब, तुमचं काम चांगलं आहे. पण कंपनीत तुम्ही दोघंच. उद्या तुमच्यातला एक जण सोडून गेला, तर आमच्या फायली कुणी सांभाळायच्या?"

"बरोबर आहे प्रश्न." तो शांतपणे म्हणाला. "पुण्याच्या लोकांनी काय उत्तर दिलं?"

"म्हणजे?"

"लातूरची कामं बघणारा त्यांचा माणूस सोडून गेला तर काय? विचारलं असेल ना तुम्ही."

तिनं विचारलं नव्हतं. याला लाइट विचारली, नेट विचारलं, पुरात ऑफिस बुडालं तर काय तेही विचारलं. पुण्याला काहीच नाही.

"असू द्या," आनंदराज बॅगेचा पट्टा खांद्यावर घेत म्हणाला. "मला वाटलं होतं, एवढे प्रश्न म्हणजे... काम आवडलं असेल." त्यानं हसायचा प्रयत्न केला. "लातूरचं काम मिळालं असतं तर आम्हाला पुढं सोलापूरचं दार उघडलं असतं. तेवढंच वाईट वाटून राहिलं."

तो उठला. विशाखाला एकदम कळलं, आपण न्यायानं वागायला गेलो आणि याच्यावरच अन्याय केला. झुकतं माप पडू नये म्हणून आपण पारडंच दाबून धरलं. आणि आता 'त्याचं घ्या' म्हटलं, तर तेही खरं ठरणार नव्हतं.

"थांबा," ती म्हणाली. मग सरांकडं वळली. "सर... नॉट बिफोर मी."

सरांनी पेन खाली ठेवलं.

आनंदराजनं चंद्रप्पांकडं पाहिलं. "मामा, हे काय असतंय?"

"कोर्टातली रीत हाय," चंद्रप्पा हळूच म्हणाले. "जजसाहेबाच्या नात्यातलं, जिव्हाळ्याचं कुणी समोर निघालं, की साहेब फाइल बाजूला ठेवतेत. म्हणतेत, ही केस माझ्यासमोर नको, दुसऱ्याला द्या."

"कारण?" सरांनी विशाखाला विचारलं.

"कारण सांगावंच लागतं असं नाही, सर."

"हाव, न्हाई लागत," चंद्रप्पा मध्येच म्हणाले आणि त्यांनी छताकडं बघितलं.

सरांच्या मिशीत काहीतरी हललं. "बरं. तू व्हरांड्यात थांब. चंद्रप्पा, खुर्ची घ्या. पुण्याला फोन लावा. हेच प्रश्न त्यांना विचारू, मग याला. अन् तू रे, बस खाली."

विशाखा व्हरांड्यात उभी राहिली. आतून सरांचा आवाज येत होता, मधूनच चंद्रप्पांचा, "अन् निलंग्याचं काढून दाखवा म्हणा." तिनं कठड्याबाहेर हात धरला. तळव्यावर पाऊस साचला, सांडला, पुन्हा साचला. आत काय ठरेल याची तिला खरोखरच धास्ती नव्हती. बोललेलं मागं घेता येत नाही, आणि तिला घ्यायचंही नव्हतं.

दार वाजलं. आनंदराज बाहेर आला. बॅग आतच राहिली होती.

"एक साल चालवून बघू म्हणाले सर. सोलापूरचं नंतर बघू."

"सरांना पटलं?"

"सरांचं माहीत नाही. मामाला निलंग्याचं दत्तक पोरगं सापडलं." तो कठड्याशी आला, पण हातभर अंतर ठेवून. "सरांनी मला एक प्रश्न विचारला. म्हणाले, नातं आहे का रे काही? मी म्हणलं... मला कुणी सांगितलेलं नाही."

विशाखानं ओला हात ओढणीला पुसला. मग मान वर करून सरळ त्याच्याकडं पाहिलं.

"नसतं तर निकाल मीच दिला असता, आनंदराज."

आनंदराज एक पाऊल पुढं सरकला आणि मधलं हातभर अंतर संपलं.