भैरवीला वन्स मोअर

हे खरं तर कुणाला तरी समोर बसवून, चहा देऊन सांगायला हवं. पण आज संध्याकाळचे साडेसात वाजेपर्यंत मला तोंड उघडायचं नाही, म्हणून लिहिते. लाईट दुपारीच गेलीय. मेणबत्तीच्या उजेडात अक्षर वाकडं येतंय, ते चालवून घ्या. आठ महिने नीट न झोपलेल्या बाईचं अक्षर सरळ आलं असतं तरच नवल.

सुरुवात अगदी साधी होती. डिसेंबरात अब्बांना घेऊन डॉक्टरांकडं गेले होते. अब्बा म्हणजे अमीनभाई ऑर्गनवाले, वय चौऱ्याऐंशी. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी संगीत नाटकांच्या कंपन्यांबरोबर गावोगाव ऑर्गन वाजवण्यात घालवली. दोन्ही पायांनी भाता मारायचा आणि हातांनी सूर काढायचे. कंपन्या बुडाल्या तेव्हा लक्ष्मीपुरीत पेटी-दुरुस्तीचं दुकान टाकलं. गुडघे गेले तेव्हा तेही मिटलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, आता त्यांना आवडेल ते करा. बाहेर आल्यावर अब्बा म्हणाले, "भाता फाटलाय म्हण की सरळ."

येताना रिक्षा सिग्नलला थांबली. समोरच्या भिंतीवर नाटकाचं पोस्टर होतं. 'संगीत वसंतदूती', दौऱ्यातला दोनशेवा प्रयोग, रविवारी दुपारी चार. दिवसाकाठी चार शब्द बोलणाऱ्या अब्बांनी बोट दाखवलं आणि म्हणाले, "जायचं."

मला रागच आला, खोटं कशाला सांगू? मी शाहिस्ता, त्यांची थोरली. लग्न राहून गेलं, आणि अम्मी गेल्यापासून त्यांचं खाणं, अंघोळ, औषधं, रात्रीचं उठणं सगळं माझ्याकडं. धाकटा तोहिद पुण्यात असतो आणि तिथून फोनवर फार काळजी करतो. आठवड्यातला एक रविवार हाताशी, तो थेटरात बसून घालवायचा? पण डॉक्टरांचं बोलणं कानात होतं. दुसऱ्या दिवशी औषधं आणि मेथीची जुडी घेऊन येताना दोन तिकिटं काढली. कडेच्या खुर्च्या मागितल्या, म्हणजे मध्येच उठून जाता येईल. मला वाटलं होतं, पहिल्या अंकातच झोपतील.

थेटरचं नाव मुद्दाम सांगत नाही. त्यांची काही चूक नाही. दारावरच्या म्हाताऱ्या माणसानं तिकिटं फाडली आणि अब्बांच्या काठीकडं बघून म्हणाला, "सावकाश पावणं, पायऱ्या उतरत्या हायत." आत उदाचा वास होता. वरची बाल्कनी बंद होती. तिच्या जिन्याला साखळी आणि कुलूप लावलेलं मी येतानाच पाहिलं होतं.

पहिली घंटा झाली तशी अब्बांनी पाठ ताठ केली. दुसऱ्या घंटेला डोक्यावरची टोपी सारखी केली. तिसरी झाली आणि पडद्याआडून ऑर्गनचा पहिला सूर आला. त्यातला एक स्वर जरा अडखळून, आधी हुंदक्यासारखा वारा घेऊन लागत होता. अब्बांनी माझा हात धरला.

"माझ्या हातचा ऑर्गन हाय ह्यो. ती पट्टी तशीच हाय बघ अजून."

पुढचे दोन तास मी नाटक कमी आणि अब्बांना जास्त पाहिलं. गाणं सुरू झालं की खुर्चीखाली त्यांचे पाय हलायचे. डावा, उजवा, डावा, उजवा. मला लहानपणी या सवयीची लाज वाटायची, कारण जेवताना, नमाजाला निघताना, कुठंही त्यांचे पाय सुरू व्हायचे. लोक वन्स मोअर देत होते, नटी हसून पुन्हा गात होती आणि अब्बांच्या तोंडावर तजेला आला होता. तीन वर्षांत मी तो पाहिला नव्हता.

मध्यंतरात मी त्यांना बशीत ओतून चहा पाजला. ते आपणहून बोलले.

"द्या म्हणावं कितीबी. पर शेवटच्या भैरवीला द्यायचा न्हाई."

"का हो अब्बा?"

"भैरवी म्हंजे निरोप. निरोपाला कुणी परत बोलवतंय व्हय? मुरगूडच्या तंबूत एकानं दिलता. माझं उस्ताद हुतं ऑर्गनवर..."

"मग?"

"मग संपलंच न्हाई."

पुढचं विचारणार तोच घंटा झाली आणि आम्ही लगबगीनं जागेवर गेलो. म्हातारपणी माणसं काहीबाही बोलतात, असं मी मनाशी म्हटलं.

शेवटची भैरवी लागली तेव्हा सात वाजून गेले होते. सगळी नटमंडळी हात जोडून उभी होती. अब्बा रडत होते. दुःखानं नव्हे, अगदी पोटभर जेवलेल्या माणसासारखे तृप्त होऊन रडत होते. गाणं संपत आलं. आता पडदा पडणार, मग रिक्षा, मग गोळ्या, मग उद्यापासून पुन्हा तेच छताकडं बघत पडलेलं गप्प माणूस. आणखी पाच मिनिटं, मला वाटलं. फक्त पाच मिनिटं ते असेच राहू देत. इतकं वाटलं की मध्यंतरातलं बोलणं डोक्यातून साफ गेलं. मी उठून उभी राहिले आणि ओरडले, "वन्स मोअर!"

सगळं थेटर गप्प झालं. दारावरचा म्हातारा वळून माझ्याकडं बघायला लागला. नटीनं विंगेत पाहिलं. तरणीताठी पोरं ती, त्यांना काय ठाऊक? नटी पुन्हा गायली. माझ्या शेजारी अब्बांचे पाय थांबले होते. दुसऱ्यांदा भैरवी संपते न संपते तोच वरून, त्या कुलूपबंद बाल्कनीतून, आणखी एक हाक आली. "वन्स मोअर." बाईचा आवाज होता. कुणीतरी घाईनं पडदा टाकला.

रिक्षात अब्बा एवढंच म्हणाले, "पोरी... काय केलंस गं?"

पुढच्या रविवारी, सव्वासातच्या सुमाराला, माझ्या मांडीवर डोकं ठेवून अब्बा गेले. 'गेले' हे मी विचार करून लिहिते आहे. डावं अंग आदल्या दिवशीच लुळं पडलं होतं. श्वास लांब लांब होत गेला आणि थांबला. मी छातीला कान लावला. काही नव्हतं. मी त्यांचे डोळे मिटणार होते, तेवढ्यात माझ्या पाठीमागून, उंबऱ्यातून हाक आली. "वन्स मोअर."

अब्बांच्या छातीत तो हुंदका झाला. अगदी तसाच, आधी वारा आणि मग सूर. त्यांनी डोळे उघडले.

तेव्हापासून रोज. सातच्या पुढं श्वास तुटतो, मागून हाक येते आणि ते परत येतात. डॉक्टर म्हणतात, चिवट हृदय आहे. तोहिद फोनवर म्हणतो, "आपा, नशीबवान हाय आपण." मी फोन ठेवते. त्यांचं शरीर वाळून काटकी झालंय, पाठीला जखमा झाल्यात, घास उतरत नाही, आणि रोज संध्याकाळी त्यांना ओढून परत आणलं जातं. मला ते जायला हवे होते. त्यांच्यासाठी हवे होते आणि माझ्यासाठीही, कारण मी दमले आहे. हे लिहिताना मला लाज वाटत नाही.

मदतीला मी नेसरीची तानाबाई ठेवली. जाडजूड, धीराची बाई, हातून दहा-बारा म्हातारी माणसं सुखानं गेलेली. चौथ्याच दिवशी तिनं पिशवी भरली.

"तानाबाई, कोण ओरडतं हो ते रोज?" मी विचारलं.

ती माझ्याकडं बघतच राहिली. "ताई, आवाज तर तुमचाच हाय की."

"मी तर गप्प असते."

"व्हय... तुमचं तोंड मिटलेलंच हुतं. म्हून तर मी चालले."

ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं. रोज रात्री माझा घसा बसलेला असायचा. झोप नाही म्हणून बसला असेल, असं मी धरून चालले होते.

गेल्या मंगळवारी दुपारी अब्बा अचानक स्वच्छ बोलले. मी त्यांच्या जखमा पुसत होते.

"उस्ताद तीन म्हैनं असंच पडलं हुतं."

माझा हात थांबला. "मग सुटले कसे?"

"ज्यानं वन्स मोअर दिलता, त्या पावण्याला हुडकून आणलं मुरगूडातनं. त्यानंच पडदा टाकला आन् गप बसला. दिलेल्यानंच टाकावा लागतो." मग त्यांनी उजव्या हातानं माझी बोटं धरली. "टाक की गं पडदा. दमलो."

अब्बांच्या खाटेभोवती पडदा आहेच. अंग पुसताना आडोसा हवा म्हणून मी दोरीवर जुनी निळी चादर घातली आहे. शुक्रवारी पावणेसातला मी त्यांच्या कपाळाला ओठ टेकले, पाय सरळ केले आणि चादर ओढून घेतली. मग ओढणीची घडी तोंडात कोंबून वरून घट्ट गाठ मारली आणि खाटेकडं पाठ करून जमिनीवर बसले.

सव्वासातला श्वास थांबला. मी भिंतीकडं बघत राहिले. उंबऱ्यात काही नाही. मागं काही नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. नळाचं टपटपणं ऐकू येत होतं. आठ महिन्यांत पहिल्यांदा घर गप्प झालं होतं, आणि मला कळलं की अब्बा सुटले. मला इतकं हलकं वाटलं आणि इतकं रडू फुटलं की मी ओढणी सोडली. त्यांना शेवटची एक हाक मारावी, एवढंच मनात होतं. 'अब्बा' म्हणायला मी तोंड उघडलं.

"वन्स मोअर," मी म्हणाले.

चादरीमागं तो हुंदका झाला. मग अब्बांचं रडणं ऐकू आलं, लहान मुलासारखं, दबकं. "आता गं कशाला... शाहिस्ता, आता कशाला..."

मी तोंड दाबून धरलं आणि खाली पाहिलं. चादर जमिनीपासून वीतभर वर आहे. खाटेच्या कडेला दोन अनवाणी पाय जमिनीला टेकलेले होते आणि वर-खाली होत होते. डावा, उजवा, डावा, उजवा. अब्बांचा डावा पाय डिसेंबरपासून हललेला नाही. मी चादर सरकवली तेव्हा अब्बा पांघरुणाखाली मी ठेवले होते तसेच उताणे होते, पाय सरळ.

आज रविवार. सकाळपासून मी एक शब्द बोललेले नाही. अब्बांच्या उशाशी दुसरी मेणबत्ती लावून चादर ओढून झालीय. आज ओढणीच्या तीन गाठी मारल्यात, आणि साडेसात वाजल्याशिवाय त्या सोडायच्या नाहीत, मग आत काहीही होवो. रडू आलं तर कागदावर रडेन. आज अब्बांना जाऊ द्यायचंय.

सात वाजायला पाच मिनिटं आहेत. मघाशी दाराची बेल वाजली. मी जाऊन पाहिलं, जिन्यात कुणी नव्हतं. परत येऊन बसले तर पुन्हा वाजली. तेव्हाही कुणी नव्हतं. लाईट दुपारपासून गेलेलीच आहे, आणि आमची बेल लाईटवर चालते.

दोन घंटा झाल्या, तिसरी राहिलीय. आता अब्बांनी आत उजवा हात उचलून टोपी सारखी केली. आतल्या मेणबत्तीनं चादरीवर पडलेली सावली दिसली मला.