कानस पुढेच खाते

बाळकुमच्या मासळी मार्केटमध्ये कुणालाही विचारा, मालन तोंडाने फटकळ आहे पण तिचा हात साफ. जिताडा असो की सुरमई, तुकडे एकसारखे पडणार. माझा जुना कोयता मुठीतून निखळला तेव्हा मी नवऱ्याच्या मागे लागले. "अहो, आख्खा जन्म फिटर म्हणून काढलात ना, मग बायकोला एक सुरी करून द्या की!"

सुदेश कंपनी बंद पडल्यापासून घरीच असतात, शेजाऱ्यांचे पंखे-मिक्सर उघडून बसलेले. दिवा स्टेशनजवळच्या भंगारवाल्याकडून त्यांनी लोखंड घासायची हातभर जुनी कानस आणली. अंगणात कोळशावर लाल केली, राखेत पुरून नरम होऊ दिली, मग ग्राइंडरवर दाते घासून पात्याचा आकार दिला. पुन्हा लाल करून तेलात बुडवली तेव्हा चर्र झालं आणि वास सुटला तो तेलाचा नव्हता. जळक्या केसांचा होता. मी पदर नाकाला लावला.

शेवटी सुरी ओव्हनमध्ये ठेवली, नाहीतर पातं काचेसारखं तुटतं म्हणे. ओव्हन आमच्या संचिताचा, ती केकच्या ऑर्डरी घेते. अशी भडकली!

"पप्पा, माझ्या केकला लोखंडाचा वास आला तर?"

"एकदाच गं," हे म्हणाले. पात्याच्या पाठीवर बोटभर दाते त्यांनी मुद्दाम ठेवलेले. कानशीची आहे हे लोकांना दिसायला हवं, असं त्यांचं म्हणणं.

मार्केटात पहिलीच सुरमई घेतली. सुरी मागे ओढली तर कातडीवर ओरखडा नाही. पुढे रेटली तर मासा, काटा सगळं कापून खालच्या ओंडक्यात रुतली. घरी येऊन सांगितलं तर हे हसले.

"कानस पुढे जातानाच खाते, मागे येताना नाही. शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी हेच सांगायचो. सवय राहिली असेल तिला."

"मेल्या लोखंडाला कसली सवय!" मी म्हटलं. पण हात तसा वळवायला शिकले.

एक कानतुटकी मांजर रोज माझ्यासमोर आतडी मिळायची वाट बघत बसायची. रावसाचं डोकं उडवत होते, तर माझं कोपर आपोआप सरळ झालं. मागून कुणीतरी खांदा ढकलावा तसं. मांजरीला ओरडायलाही वेळ मिळाला नाही. पातं मानेतून आरपार गेलं होतं. ओंडक्यावर बादलीभर पाणी ओतलं आणि स्वतःला सांगितलं, बर्फाने मूठ ओली होती, निसटली.

पण संचिता सकाळी माझ्यासमोरच बसते, कोलंबी सोलत, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. तिला उठवून बाजूला बसवलं. का, म्हणून विचारलं तर ओरडले तिच्यावर. पोरीला काय सांगणार होते?

मग विश्राम आला. माझा धाकटा दीर. घर बिल्डरला द्यायचं म्हणून माझ्या सहीसाठी वर्षभर डोकं खात होता.

"वहिनी, तुमच्या हट्टापायी आम्ही सगळे कुजतोय!" भर मार्केटात त्याने आवाज चढवला.

मी सोडते होय? "चालता हो, नाहीतर जिताड्यासारखा सोलीन!"

सगळ्यांनी ऐकलं ते.

"मम्मी, बस ना गं," म्हणत संचिता उठली आणि नेमकी माझ्यासमोर आली.

माझं कोपर सरळ झालं.

मी बोटं सोडवत होते. सुटेनात. सुरीचं टोक माझ्या पोरीच्या गळ्याकडे चाललेलं मला दिसत होतं.

विश्रामने मध्ये हात घातला.

पातं त्याच्या तळव्यातून आरपार गेलं आणि तरी थांबेना. हाडावर घासत पुढे चाललं. हे वाइसच्या पकडीत लोखंड आवळून कानस मारायचे, तोच आवाज. मुठीला त्याचा तळवा अडला तेव्हा टोक संचिताच्या गळ्यापासून नखभर दूर होतं.

"हे कापलेलं नाही, घासलंय," टाके घालताना डॉक्टर म्हणाले. विश्रामने सांगितलं, काचेवर पडलो.

सगळ्या बाळकुमला वाटतं मालनने सहीवरून दिराला भोसकलं. संचिताला तेच वाटतं. ह्यांनाही तेच वाटतं. पोलिसांची भानगड नको म्हणून ह्यांनी सुरी दगडाला बांधून खाडीत सोडली. खरं काय ते एकट्या विश्रामला ठाऊक, तो वॉर्डात म्हणाला,

"वहिनी, सुरी माझ्याकडे येत नव्हती."

"माहीत आहे रे," म्हटलं आणि ढसाढसा रडले. सही करून टाकली.

बाजारातली साधी सुरी घेतली. ती मागेपुढे नीट चालते. संचिता परत समोर बसायला लागली आणि माझा जीव भांड्यात पडला.

रविवारी तिचा वाढदिवस होता. केक तिनेच केला, सुरी तापवलेल्या त्याच ओव्हनमध्ये. विश्रामही आलेला, हाताला पट्टी. हे व्हिडिओ काढायला मोबाइल घेऊन टेबलाच्या पलीकडे, तिच्या अगदी समोर. मेणबत्ती विझवून तिने सुरी उचलली. केकसोबत देतात ती गुलाबी, प्लॅस्टिकची.

तिने सुरी मागे ओढली. क्रीमसुद्धा हललं नाही. पुन्हा ओढली.

"पप्पा, ही कापतच नाहीये!" ती हसत होती.

विश्रामने माझ्याकडे बघितलं. मी खुर्च्या ढकलत तिच्याकडे निघाले.

हे मोबाइल घेऊन आणखी जवळ वाकले. "अगं, पुढे रेट," म्हणाले.